शेवटचा एस

तपासणीला आलेल्या साहेबांनी डस्टर माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, "पुसा तेवढा. शेवटचा एस."

फळ्यावर मी इंग्रजीत एकच ओळ लिहिली होती: मॅन इज वन स्पीशीज. माणूस ही एकच जाती आहे. वर्ग नववीचा, तास विज्ञानाचा. दारात मुख्याध्यापक अर्जुनराव सर उभे होते आणि साहेबांच्या पाठीमागून डोळ्यांनी मला विनवत होते.

मी डस्टर घेतलं नाही.

मेहकरच्या या शाळेत मी आदल्या वर्षी लागले. अमरावतीहून बी.एस्सी. होऊन आले तेव्हा इथे विज्ञान शिकवायला कुणी नव्हतं. भूगोलाच्या सरांना वेळ मिळाला तर ते पुस्तक वाचून दाखवत. शाळेत सूक्ष्मदर्शक होतं, पण मुख्याध्यापकांच्या कपाटात, पिवळ्या फडक्यात गुंडाळलेलं. मोडलं तर जबाबदार कोण, या विचाराने ते कुणी बाहेरच काढलं नव्हतं. मी म्हटलं, मी जबाबदार. त्यानंतर पैनगंगेच्या पाण्याचा थेंब, कांद्याचं साल, माशीचा पंख, जे सापडेल ते मुलांनी त्याखाली घातलं. एकाने तर स्वतःच्या कानातला मळ आणला होता. मी तोही दाखवला.

नेमणूक मात्र तात्पुरती होती. कायम व्हायचं तर तपासणीच्या साहेबांचा शेरा चांगला हवा, आणि त्यावर संस्थेचे अध्यक्ष भगवंतराव यांची सही हवी. शेरा वाईट आला तर एप्रिलअखेर मी घरी आणि सूक्ष्मदर्शक पुन्हा फडक्यात.

त्या सकाळी मी निघाले तेव्हा माझे वडील, उकंडराव, नदीकाठच्या आमच्या मळ्यात मेथीच्या जुड्या बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "साहेब काही म्हनो, तू हाव म्हन. हाव म्हनाले काही लागत नाही."

"पाहू."

"पाहू नोको वो माय. हाव म्हन."

आता त्या एसविषयी. दिवाळीच्या आधी मी वर्गात कापसाची दोन झाडं मुळासकट आणली होती, एक गावरानी आणि एक बुरी, म्हणजे अमेरिकन कापसाचं. गावरानीचं पान बोटं फाकल्यासारखं खोल कापलेलं आणि फूल पिवळं. बुरीचं पान रुंद आणि फूल दुधी. दोन्ही कापूसच, पण जाती दोन. पुस्तकात 'जाती'पुढे इंग्रजी शब्द होता तो मी फळ्यावर लिहिला. पुढच्या बाकावरच्या सईदने लगेच हात वर केला. त्याच्या वडिलांचं, रहेमतुल्ला शेठचं, बाजारात मसाल्याचं दुकान आहे, आणि हिशेबात फसवलं जाणं या मुलाला बिलकूल खपत नाही.

"बाई, गावरानी ही एकच जात हाय ना? मंग एस काऊन? एस तं एकाहून जास्तीले लागते."

मला उत्तर येत नव्हतं. कॉलेजात मी तो शब्द शेकडो वेळा लिहिला होता, पण हा प्रश्न मला पडला नव्हता. "उद्या सांगते," म्हटलं आणि शाळा सुटल्यावर नारायणराव वकिलांकडे गेले. गावात जाडजूड शब्दकोश त्यांच्याकडेच होते.

"लॅटिन पाह्यजे?" ते म्हणाले. "ते फक्त वकिलाले लागते, बाई. अन् वकिलालेच येत नाही. घ्या, ती तांबडी पाठ दिसते तो."

त्या कोशात मी अंधार पडेपर्यंत बसले. शब्द लॅटिन निघाला. तिथे तो नाम आहे, आणि एकवचन असो की अनेकवचन, 'स्पीशीज' तसाच राहतो. एस हा त्याच्या अंगाचाच भाग आहे, मागून जोडलेला नाही. एस काढून उरलेला 'स्पीशी' हा इंग्रजीत वेगळाच शब्द आहे. त्याचा अर्थ नाणं, खणखणीत धातूचं. अर्थ वाचताना मला अधिक मजा वाटू लागली. जिथून हा शब्द निघाला ते लॅटिन क्रियापद म्हणजे पाहणं. म्हणून स्पीशीजचा पहिला अर्थ दिसणं, रूप, मग देखावा, मग प्रकार. पुढे कधीतरी व्यापारी आपल्या मालाच्या प्रकारांना हाच शब्द वापरू लागले, आणि त्यातूनच मसाल्याचा इंग्रजी शब्द आला.

दुसऱ्या दिवशी मी हे सगळं वर्गाला सांगितलं. एसचं समजावताना म्हटलं, "आपण एक बैल म्हणतो, चार बैल म्हणतो. बैल शब्द बदलतो का?"

"नाही, बाई!"

"तसंच हे."

सईदला मसाल्याचंच जास्त आवडलं. "म्हंजे आमच्या दुकानात सगळे स्पीशीजच! अब्बाले सांगतो, आजपासून धने-मिरची म्हनाचं नाही."

हसणं ओसरल्यावर मागून तुळशीराम उठला. तो भगवंतरावांचा पुतण्या. अंगाने दांडगा, पण मनात खोट नसलेला. "बाई, कापसाच्या जाती समजल्या. माणसाच्या किती?"

"एक."

"एक कशी? आमच्या गल्लीतच सात-आठ हायेत."

वर्ग पुन्हा हसला, पण या वेळी जरा बिचकत. मी नेमकं उत्तर द्यायचं ठरवलं. गावरानी आणि बुरी यांचा संकर करू गेलं तर बहुधा बीच धरत नाही. त्यांच्यातला फरक नुसता पानाफुलाचा नाही. माणसांमध्ये असं कुठेच आढळलेलं नाही. रंग, उंची, नाक हे सगळं दिसण्यापुरतं. शास्त्राच्या दृष्टीने माणसाची स्पीशीज एक.

"अन् आमची जात?"

"ती या शास्त्रात बसत नाही."

ते वाक्य मी फळ्यावर पहिल्यांदा लिहिलं ते तेव्हा. मुलांनी उतरवून घेतलं. माझ्या बाजूने विषय संपला होता.

व्हरांड्यात पाण्याचा माठ असतो. लांब दांड्याचं ओगराळं नेहमी तुळशीरामच्या हातात. तो वाढणार, बाकीचे पिणार. सहदेवसारखी बौद्ध वस्तीतून येणारी मुलं ओंजळ धरून, जरा लांबून पीत. हा नियम कुणी लिहिलेला नव्हता आणि मोडत कुणीच नव्हतं. त्या दिवशी मधल्या सुट्टीत तुळशीरामने ओगराळं सहदेवच्या हातात दिलं. "घे बे, आज तू दे. एकच स्पीशीज हाय."

सहदेवने ते दोन्ही हातांनी धरलं, फार जड असल्यासारखं. पाच-सहा जण पाणी न पिताच घरी पळाले. बाकीचे प्याले. मी रांगेत उभी राहिले आणि प्याले.

दुसऱ्या दिवशी अर्जुनराव सरांनी मला बोलावलं. "बाई, तुम्ही पाण्याचं काही शिकवलं का?"

"नाही सर. कापसाचं शिकवलं."

ते म्हणाले, "भगवंतराव विचारत होते."

तर अशी ती ओळ. तपासणीच्या सकाळी सरांनी मला दारातच गाठलं होतं. "आज पचनसंस्था शिकवा. जठर, आतडी, काहीही. ते सोडून." मी कबूलही केलं होतं. जठराचं चित्र काढायला घेतलं तोच साहेब वर्गात आले. बुलढाण्याहून जीपने आलेले, इस्त्रीचे कपडे, इंग्रजीचे एम.ए. मागच्या भिंतीला टेकून म्हणाले, "हे राहू द्या. तुम्ही जाती फार छान शिकवता असं ऐकलं. तेच शिकवा."

मी चित्र पुसलं आणि ओळ लिहिली.

"वन म्हणता ना?" साहेब फळ्यापाशी आले. "मग पुढे अनेकवचन कसं? वन स्पीशी, मेनी स्पीशीज. व्याकरणाची इतकी साधी चूक विज्ञानाच्या शिक्षकांनी करू नये."

"चूक नाही, साहेब. हा शब्द एकवचनातही असाच असतो."

"मी इंग्रजीचा एम.ए. आहे, बाई."

"हो साहेब. पण शब्द लॅटिन आहे."

कुणीतरी श्वास ओढल्याचं मला ऐकू आलं. तेव्हाच साहेबांनी डस्टर पुढे केलं होतं. मी घेतलं नाही म्हणून ते वर्गाकडे वळले. आवाजात अजून गंमत होती. "बरं, तुम्ही सांगा. वन बुक, टू?"

"बुक्स!"

"वन मँगो, टू?"

"मँगोज!"

"शाब्बास. मग मेनी स्पीशीज, तर वन?"

सईद बाकावर चुळबुळ करत होता; शेवटी त्याला राहवेना. "साहेब, एक बैल, चार बैल. बैल तं तसाच राह्यते."

"हे मराठी झालं. आपण इंग्रजीबद्दल बोलतोय."

"वन शीप, टू शीप," मागून हळू आवाज आला. सहदेव होता. उभा राहिला आणि पुन्हा म्हणाला, "शीपले एस नाही लागत, साहेब. आमच्या इंग्रजीच्या पुस्तकात हाय."

साहेबांच्या आवाजातली गंमत गेली. "नाव काय तुझं?"

"सहदेव."

"पूर्ण नाव. आडनावासकट."

सहदेवने माझ्याकडे पाहिलं. आडनावात काय शोधलं जातं हे त्याला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.

"नाव सहदेव," मी म्हटलं. "इयत्ता नववी. उत्तर बरोबर आहे, साहेब. शेरा द्यायचा तर तेवढं पुरे."

अर्जुनराव सरांनी डोळे मिटले. साहेब फळ्याकडे वळले आणि त्यांनी एस स्वतः पुसला. मागे भुरकट डाग राहिला.

"आता वाक्याचा अर्थ माणूस हे एक नाणं आहे असा होतो," मी म्हटलं. "स्पीशी म्हणजे नाणं." आणि खडू उचलून मी त्या डागावर एस पुन्हा लिहिला. आधीच्या अक्षरांपेक्षा तो मोठाच झाला.

साहेब वर्गाबाहेर गेले. जेवायला ते भगवंतरावांच्या घरी गेले. जाताना शेरेबुक मुख्याध्यापकांच्या टेबलावर उघडं ठेवून गेले होते. सरांनी मला आत बोलावून दार लोटून घेतलं. शेरा असा होता: बाईंच्या इंग्रजीत प्राथमिक चुका आहेत, चूक दाखवल्यास वाद घालतात, दुरुस्ती करून घ्यावी. खाली शिक्षकाच्या उत्तरासाठी जागा सोडली होती.

"हे पाहा," सर म्हणाले. "इथे फक्त लिहा, चूक दुरुस्त केली. सही करा. साहेब जेवून येतील, पाहतील, खाली समाधानकारक लिहितील. तुम्ही कायम व्हाल. तसं बोलणं झालंय."

"कुणाचं?"

"साहेबांचं आणि भगवंतरावांचं."

"कधी?"

"परवा."

"म्हणजे चूक व्हायच्या आधीच दुरुस्ती ठरली होती."

सरांनी खुर्चीत अंग टाकलं. वाईट माणूस नाही ते. सूक्ष्मदर्शकाची किल्ली मला देताना त्यांना खरंच आनंद झाला होता. "बाई, त्या वाक्याला चूक कसं म्हणणार? साहेबांना म्हणता येत नाही, भगवंतरावांना येत नाही. सरकारच तसं म्हणतं. मग उरतो तो एस. तेवढा पुसा. बाकीचं आपोआप निवतं. ओगराळं तुळशीरामच्या हातात परत जाईल, कुणाला बोलावं लागणार नाही, कुणाचा अपमान नाही."

"सहदेवचा?"

"त्याले सवय हाय." बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच ते ऐकू आलं असावं. ते टेबलाकडे पाहू लागले. "मलेही याच संस्थेत राहाचं हाय, बाई. पोरी उजवाच्या हायेत. एका अक्षरापायी काऊन सगळ्याइले खड्ड्यात घालता?"

"अक्षर इतकं क्षुल्लक असेल तर ते त्यांनी सोडावं, सर. त्यांना ते हवंच आहे, म्हणजे क्षुल्लक नाही."

सरांनी पेन पुढे सरकवलं. मला सकाळचे वडिलांचे शब्द आठवत होते. हाव म्हणायला काही लागत नाही. लागतं. आज एस लागत होता. उद्या दुसरं काही लागलं असतं, आणि मग मी त्या वर्गात उभी राहून काय शिकवलं असतं? जठर, आतडी.

मी लिहिलं: चूक दुरुस्त केली.

सरांनी सुस्कारा सोडला. मी पेन उचललं नव्हतं. पुढे लिहिलं: नाही. कारण ती चूक नव्हती. आणि खाली पूर्ण सही केली, पदवीसकट.

दुपारी साहेब परतले. त्यांनी ते वाचलं, चष्मा काढून पुन्हा वाचलं. "तुम्हाला कायम व्हायचं नाही का?"

"व्हायचंय, साहेब. एससकट."

त्यांनी उभ्याउभ्याच खाली दोन शब्द लिहिले, शिफारस नाही, आणि जीप सुरू करायला सांगितली.

मी वर्गात गेले तेव्हा गणिताचा तास संपत आला होता. गणिताच्या सरांनी सगळी उदाहरणं फळ्याच्या डाव्या अर्ध्यात कोंबली होती, एकावर एक. उजवीकडची ओळ तशीच होती. "पुसू देत नाहीत तुमची पोरं," गणिताचे सर कुरकुरले. "डस्टरच लपवलं कुणी तरी." तुळशीराम छताकडे पाहत होता.

तिसऱ्या दिवशी वडील मळ्यात म्हणाले, "शिकवली ते चुकलंच माह्यं. आता तोड वांगे."

"तोडते. पण मी चुकले नाही."

"तेच तं म्हनून राह्यलो," ते म्हणाले. "चुकली असती तं माफी तरी मागता आली असती."

एप्रिलअखेर मला काढलं. शेवटच्या दिवशी मी सूक्ष्मदर्शकाची भिंगं पुसली, पण पिवळं फडकं गुंडाळलं नाही. ते फडकं मी घरी घेऊन आले, आता वाट्टेल त्याने चोरी म्हणावी. उघडं यंत्र धूळ खातं, त्यामुळे कुणीतरी ते रोज पुसायला बाहेर काढील, असा माझा हिशेब होता. मग व्हरांड्यात गेले. ओगराळ्याची आता पाळी लागत असे. भगवंतरावांनी पुतण्याला दोनदा झोडपलं, तरी मुलांनी पाळी मोडली नव्हती. त्या दिवशी सहदेवचीच होती. त्याने एका हाताने ओगराळं माठात बुडवलं आणि मला पाणी दिलं.

मागच्या आठवड्यात मी मुलाखतीसाठी मलकापूरला गेले होते. रेल्वेमुळे गाव मोठं, शाळा मोठी, विज्ञानाची खोलीही वेगळी. मुलाखत एका वर्गातच होती. समितीवर तिघे होते. मधले म्हातारे गृहस्थ कापसाचे व्यापारी. प्रश्न तेच विचारत होते.

"मेहकर काऊन सोडलं, बाई?"

"सोडलं नाही. काढलं."

बाजूचे दोघे कागदांत डोकावले. म्हातारे माझ्याकडेच पाहत होते. "कशापायी?"

मी सगळं सांगितलं. माठाचंही सांगितलं.

"गावरानी अन् बुरीचं बी धरत नाही हे बराबर हाय," ते म्हणाले. मग जरा पुढे झुकले. "पन जिल्हा एकच हाय ना. इथंही तेच साहेब येतीन. मंग काय करसान?"

माझ्यामागे फळा होता. मी उठले, खडू घेतला आणि ती ओळ लिहिली, शेवटच्या एससकट. "हे वाक्य वर्गात राहील," मी म्हटलं. "तपासणीच्या दिवशीही. चालत असेल तर घ्या."

बाजूच्या दोघांपैकी एक खोकला. दुसऱ्याने घड्याळ पाहिलं आणि आठवडाभरात कळवतो म्हणाला. मी माझे कागद गोळा केले. दाराशी पोहोचले तेव्हा शिपाई पुढच्या उमेदवारासाठी फळा पुसायला निघाला होता.

"राहू दे बे ते," म्हातारे त्याला म्हणाले. "मी अजून वाचून राह्यलो."